जिंजीची निकड आणि कडलूरचा कोट

चेन्नईस जाणारा मराठी प्रवासी बहुधा जॉर्ज टाउनमधील तंबू चेट्टी रस्त्यावरच्या काळिकांबाळ देवळापाशी थांबतो. कारण 3 ऑक्टोबर 1677 रोजी शिवाजी महाराजांनी येथे देवीचे दर्शन घेतले, अशी परंपरा तेथे जपलेली आहे. भाविकाच्या श्रद्धेस माझी हरकत नाही. मात्र दप्तरी पुराव्याची चाड असणाऱ्याने तेथून जवळच्याच सेंट जॉर्ज किल्ल्याकडे वळावे. त्याच वर्षीच्या मे महिन्यात महाराजांचा ब्राह्मण वकील पत्र घेऊन येथील इंग्रजांकडे आला, त्याने विषावरील उतारे आणि औषधी खडे मागितले, व गव्हर्नर लँगहॉर्नने मोल न घेता ते पाठवून दिले, अशी नोंद कंपनीच्या कागदांत आहे. हा उदारपणा अर्थातच भयातून उपजलेला होता.

महाराजांच्या त्याच वर्षीच्या दक्षिणेतील मोहिमेत हस्तगत झालेली जिंजी चेन्नईपासून सुमारे 150 किलोमीटरांवर आहे. भातखाचरे आणि तळी मागे टाकीत गेले की राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रायणदुर्ग या तीन टेकड्या त्यांना जोडणाऱ्या तटासह दिसू लागतात, आणि सह्याद्रीच्या काळ्या कातळास सरावलेली दृष्टी त्या भल्यामोठ्या गोलसर धोंड्यांपुढे क्षणभर गोंधळते. 2025 साली युनेस्कोने महाराष्ट्रातील 11 किल्ल्यांच्या पंक्तीस हा एकच तामिळ किल्ला बसविला, हे यथायोग्यच झाले. संभाजी महाराजांच्या वधानंतर 1689 त राजाराम महाराज पन्हाळ्याहून निसटून येथे आले. प्रल्हाद निराजींसाठी प्रतिनिधी हे नवे पद येथेच निर्माण झाले. आणि स्वदेशी रामचंद्रपंत अमात्य हुकूमतपन्हा म्हणून मुलूख राखीत असता, वतनाच्या सनदा या परमुलखातून सुटू लागल्या. कागदावर राज्य अखंड होते, पण जामदारखाना मात्र रिता होता. मोगल सेनापती झुल्फिकारखानाचा वेढा 1690 त पडला आणि 1698 पर्यंत कमीअधिक जोराने चालू राहिला. इतकी वर्षे किल्ला झुंजला तो केवळ संताजी-धनाजींच्या तलवारीवर, असे आपण अभिमानाने सांगतो. पण शिबंदीचा पगार तलवारीने भागत नाही, आणि डोंगरावरच्या दरबारास रोकड हवी असेल तर ती समुद्रकाठच्या टोपीकरांकडूनच मिळणार होती.

त्या निकडीतूनच कडलूरनजीकच्या तेगनापट्टणचा कोट 1690 त इंग्रजांस विकला गेला. त्या वेळी मद्रासचा गव्हर्नर एलिहू येल होता. गोवळकोंडा बुडाल्यावर मद्रास मोगलांच्या छत्राखाली आले होते. तरी मोगलांची मर्जी सांभाळीत त्यांच्याच शत्रूशी सौदा करण्यात या व्यापाऱ्यांना काडीचाही संकोच वाटला नाही. सौद्याची सीमा ठरविण्याची रीत तर विलक्षण होती: कोटावरून तोफ डागावी, आणि चोहीकडे गोळा जेथवर पोचेल तेथवरची गावे खरेदीत धरावीत. दारू ठासताना गोलंदाजाने हात आखडता घेतला असेल, असे मानण्याचे कारण नाही. ती गावे पुढे तोफगोळ्याची गावे म्हणून ओळखली गेली, आणि कोटास सेंट डेव्हिड हे नाव मिळाले.

राजारामांच्या मुत्सद्द्यांस दोष देणे आज सोपे आहे. पण वेढ्यात सापडलेल्या राज्याने दूरचा एक बंदरी कोट विकून उद्याचा दिवस विकत घेतला, यात अविचार कोठे होता, हे मला दिसत नाही. त्या कोटाचे खरे मोल कळण्यास अर्धशतक लोटावे लागले. 1746 त ला बुर्दोनेच्या फ्रेंच आरमारापुढे मद्रास शरण गेले, तेव्हा तरुण कारकून रॉबर्ट क्लाइव्ह वेषांतर करून निसटला तो थेट सेंट डेव्हिडच्या आश्रयास. कोरोमंडलवरील इंग्रजांचा कारभारही तेथेच हलला. आणि 1749 त मद्रास परत मिळाले तरी मुख्य ठाण्याचा मान 1752 पर्यंत कडलूरकडेच राहिला. मराठ्यांनी आपला जीव वाचविण्यासाठी विकलेल्या तटाने पुढे कंपनीचा जीव वाचविला.

1758 त फ्रेंच सेनापती लालीने तो कोट घेतला आणि तटबंदी उद्ध्वस्त करून टाकली. दोन वर्षांनी, 1760 त, इंग्रज कडलूरला परतले, आणि तोफेने आखून दिलेली गावे पुन्हा त्यांच्या महसुलात जमा झाली.