कळप नसलेला मेंढपाळ : एका पिल्लाच्या 'खोडी'मागचा इतिहास

१/१२
घरात आधीच तीन-चार कुत्री असावीत आणि त्यांत बॉर्डर कोलीसारख्या मेंढपाळ जातीचे पिल्लू यावे, की काही महिन्यांत एक विलक्षण दृश्य दिसू लागते. पिल्लू इतरांशी झोंबाझोंबी करत नाही. मान खाली, पोट जमिनीलगत, नजर रोखलेली. मग ते अर्धवर्तुळात धावते, एखाद्याच्या टाचेला हलकेच दात लावते आणि सर्वांना कोपऱ्यात गोळा करते. घरचे याला खोडी म्हणतात. ही खोडी आली कोठून? #इतिहास #थ्रेड

२/१२
लांडग्याच्या शिकारीत कृतींची एक साखळी असते : हेरणे, नजर रोखणे, दबकत जाणे, पाठलाग, पकड आणि अखेर ठार करणे. रेमंड आणि लोर्ना कॉपिंजर या अमेरिकन अभ्यासक दांपत्याने दाखवले, की माणसाने पैदाशीतून या साखळीची काटछाट केली. मेंढ्या हाकणाऱ्या कुत्र्यांत सुरुवातीच्या कड्या ठळक झाल्या, शेवटच्या क्षीण. म्हणून पिल्लू पाठलाग करते, पण मारत नाही.

३/१२
ही गोष्ट चार्ल्स डार्विनच्या नजरेतून सुटली नव्हती. १८५९च्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'मध्ये उपजत प्रवृत्तींची चर्चा करताना त्याने मेंढपाळ कुत्र्यांचे उदाहरण दिले. कळपावर थेट धावून न जाता कळपाभोवती फिरण्याची ओढ काही अंशी वारशाने येते, असे त्याचे निरीक्षण होते. 'जनुक' हा शब्दही तेव्हा जन्मलेला नव्हता.

४/१२
पुढे या प्रवृत्तीची वंशावळच लिहिली गेली. १८७३ साली वेल्समधील बाला येथे मेंढपाळ कुत्र्यांची स्पर्धा झाली. १८९३ साली इंग्लंडच्या नॉर्थंबरलँडमध्ये ॲडम टेल्फर यांच्याकडे 'हेम्प' नावाचा कुत्रा जन्मला. तो आरडाओरडा न करता केवळ नजरेच्या धाकाने मेंढ्या वळवी. १९०१ साली तो मेला. आजच्या बॉर्डर कोलींचा वंश त्याच्यापर्यंत पोहोचतो.

५/१२
पण असा कुत्रा ब्रिटनमध्येच का घडला? इंग्लंडमधून लांडगा सोळाव्या शतकापर्यंत, तर स्कॉटलंडमधून अठराव्या शतकापर्यंत नाहीसा झाला. डोंगरउतारांवर मेंढ्या मोकळ्या सोडल्या जाऊ लागल्या. तेथे राखणीची निकड उरली नाही. दूर विखुरलेला कळप एका माणसाने गोळा कसा करावा, हा प्रश्न उरला. त्याचे उत्तर म्हणजे कोली.

६/१२
आता नजर वळवू या पुसेगावकडे (ता. सेनगाव, जि. हिंगोली). हिंगोली-वाशिमचा हा पट्टा हटकर धनगरांचा. सोळाव्या शतकाच्या अखेरच्या 'आईन-ए-अकबरी'त वाशिमच्या आसपासच्या हटकरांची नोंद आहे : १,००० घोडेस्वार आणि ५,००० पायदळ बाळगणारे, स्वाभिमानी व सहजी न नमणारे लोक. मोगल दरबारालाही दखल घ्यावी लागली, असा हा समाज.

७/१२
दख्खनमध्ये मेंढपाळ दिवसभर कळपासोबत चालतो. कळप वळतो तो त्याच्या हाकेने, शिट्टीने आणि काठीने. पिके कापली, की शेतकरी खतासाठी शेतात मेंढ्या बसवतो. रात्री वाघर, म्हणजे जाळीचे कुंपण, लावून कळप आत घेतला जातो. धोका तेव्हाच असतो, कारण येथे लांडगा अजून आहे. म्हणून धनगराच्या वाड्यावरचा कुत्रा कळप हाकत नाही, तो राखतो.

८/१२
राखणदार कुत्र्याची घडण कोलीच्या उलट असते. पिल्लू कोकरांच्या सहवासात वाढते. मेंढ्या हेच त्याचे गणगोत होतात. मेंढ्यांमागे धावणारे पिल्लू येथे निरुपयोगी ठरते. स्पेनचा मास्टिफ, तुर्कस्तानचा कांगल, हिमालयातला गद्दी कुत्रा ही त्याच परंपरेतली मंडळी. गद्दी कुत्र्याच्या गळ्यात काटेरी लोखंडी पट्टा असतो, तो लांडग्या-बिबट्याचे दात मानेत रुतू नयेत म्हणून.

९/१२
या राखणदाराची वंशावळ कोणी लिहिली नाही. त्याला स्थान मिळाले ते देवापाशी. खंडोबाच्या मूर्तीजवळ कुत्रा असतो आणि त्याचे भक्त स्वतःला 'वाघ्या' म्हणवतात. देवाचा कुत्रा होऊन भुंकणे, पात्रातले अन्न थेट तोंडाने खाणे, असे वाघ्यांचे आचार जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी अभ्यासले. धनगरांच्या दैवतांवर त्यांनी आयुष्य वेचले.

१०/१२
नांदेड जिल्ह्यातील माळेगावची खंडोबा यात्रा जनावरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. तेथे श्वानप्रदर्शनही भरते. मराठवाड्याचा शिकारी कारवान कुत्रा आज मान्यताप्राप्त जात आहे. २००५ साली भारतीय टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटे काढली. त्यांत हिमालयन शीपडॉग होता. धनगराच्या वाड्यावरचा कुत्रा मात्र 'गावठी' या एका शब्दात गुंडाळला जातो.

११/१२
या इतिहासाचा घरात उपयोग काय? श्वानभाषेत रोखलेली नजर ही धमकी असते. कोलीचे पिल्लू कामाच्या ओढीने पाहते. घरातल्या वडीलधाऱ्या गावठी कुत्र्याला ते आव्हान वाटते आणि भांडण पेटते. अशा वेळी पिल्लाला मारून काही साधत नाही. नजर रोखताच त्याला हाक मारून दुसरीकडे वळवावे, रोज धावण्याचे आणि डोके चालवण्याचे काम द्यावे, थकलेल्या कुत्र्यांना निवांत जागा राखून ठेवावी.

१२/१२
कोलीला आज कळप नाही, तरी त्याचे नाव, वंश आणि गुण कागदावर सुरक्षित आहेत. दख्खनच्या राखणदाराजवळ कळप अजून आहे. पण चराऊ राने आक्रसत आहेत, मेंढपाळांची पुढची पिढी दुसऱ्या वाटा धरत आहे. वाडा उठला, की हा कुत्रा क्षणात 'भटका' ठरतो. पुसेगावच्या शिवारात मेंढ्या बसलेल्या दिसल्या, तर वाघरीबाहेर पडून राहिलेल्या त्या कुत्र्याकडेही पाहावे आणि मेंढपाळाला त्याचे नाव विचारून लिहून ठेवावे. हेम्पची कीर्तीही अशाच नोंदींमुळे टिकली. 🐑