समुद्र ओसरला की भूमी उंचावली? : स्वीडनच्या किनाऱ्यावरील एका वादाचा इतिहास

प्रस्तावना :
समुद्राची पातळी सर्वत्र सारख्याच प्रमाणात बदलते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात हा बदल किनाऱ्यागणिक भिन्न असतो. या भिन्नतेची जाणीव अठराव्या शतकात स्वीडनमध्ये सुरू झालेल्या एका वादातून आकारास आली. प्रस्तुत लेखात त्या वादाचा आढावा घेतला आहे.

सेल्सिअसची खूण :
बाल्टिक समुद्राच्या बोथनिया आखातात जुनी बंदरे उथळ होत होती. सीलच्या शिकारीसाठी उपयोगी पडणारे खडक पाण्याच्या फार वर आल्याने निरुपयोगी ठरत होते. खगोलशास्त्रज्ञ अँडर्स सेल्सिअस याने १७३१ मध्ये लॉव्हग्रुंड बेटावरील शिळेवर तत्कालीन जलपातळीची खूण कोरविली आणि १७४३ मध्ये समुद्राचे पाणी घटत असल्याचे प्रतिपादन केले. धर्ममंडळातून त्यास विरोध झाला. बिशप ब्रोव्हालिअस याने १७५५ मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहून हे मत खोडून काढण्याचा प्रयत्न केला.

भूमीच्या हालचालीचा विचार :
या मतातील खरी अडचण वेगळीच होती. पाणी घटत असेल, तर ते सर्वच किनाऱ्यांवर ओसरावयास हवे. परंतु स्वीडनच्या दक्षिण टोकाशी तसे दिसत नव्हते. १८०२ मध्ये जॉन प्लेफेअर याने समुद्र नव्हे, तर भूमीच हलत असावी, असे सुचविले. चार्ल्स लायेल प्रारंभी साशंक होता. मात्र १८३४ मध्ये स्वीडनला जाऊन जुन्या खुणा पाहिल्यावर त्याने भूमी उंचावत असल्याचे मान्य केले. ती का उंचावते, याचे उत्तर स्कॉटलंडच्या थॉमस जेमिसन याने १८६५ मध्ये दिले. हिमयुगातील बर्फाच्या भाराने दबलेली भूमी तो भार नाहीसा झाल्यावर वर येते, असे त्याचे प्रतिपादन होते. आखाताच्या उत्तर भागात भूमी आजही वर्षाला सुमारे एक सेंटिमीटर उंचावते.

गुरुत्वाकर्षणाचा प्रभाव :
तथापि, केवळ भूमीच्या हालचालीने प्रश्न सुटत नाही. प्रचंड हिमस्तर आपल्या वस्तुमानाने समुद्राचे पाणी स्वतःकडे ओढून धरतो, हे आर. एस. वुडवर्ड याने १८८८ मध्ये गणिताने दाखविले. फॅरेल आणि क्लार्क यांनी १९७६ मध्ये भूमीची हालचाल व गुरुत्वाकर्षण यांचा एकत्रित विचार मांडला. त्यानुसार ग्रीनलंडचे बर्फ वितळल्यास त्याच्या निकटच्या किनाऱ्यांवर पातळी घटते, तर दूरच्या उष्ण कटिबंधातील अनेक किनाऱ्यांवर ती सरासरीहून अधिक वाढते. याखेरीज सागरी प्रवाह, वारे, पाण्याचे तापमान व क्षारता यांमुळेही स्थानिक फरक पडतात.

समारोप :
भरतीमापक यंत्र समुद्र व भूमी यांतील सापेक्ष अंतर नोंदविते. स्टॉकहोम येथील १७७४ पासूनच्या नोंदींत म्हणूनच पातळी घटलेली दिसते. मुंबईच्या अपोलो बंदर येथील १८७८ पासूनच्या नोंदींचा अर्थ लावतानाही हेच तत्त्व लागू पडते. जागतिक सरासरीचा एकच आकडा प्रमाण मानून बंदरे, बंधारे व किनारी वस्त्या यांचे नियोजन केल्यास कोठे धोका कमी, तर कोठे अधिक लेखला जाईल. सेल्सिअसचे अनुमान चुकीचे ठरले. परंतु त्याची खूण उपयोगी ठरली. प्रत्येक किनाऱ्यास स्वतःची दीर्घकालीन नोंद असणे अगत्याचे आहे, हाच या इतिहासाचा निष्कर्ष होय.