मूत्रपिंड आणि वृक्क

खालापूर तालुक्यातील लोधिवलीत मुतखडा झालेला माणूस ‘किडनी’ म्हणेल, आम्ही ‘मूत्रपिंड’ लिहू. ‘वृक्क’ हा जुना शब्द कोणाच्याच तोंडी येणार नाही. ‘मूत्रपिंड’ या नावातच अवयवाचे कार्य आहे. ‘वृक्क’मध्ये ते नाही, आणि ते स्वाभाविक आहे: चरक आणि सुश्रुत यांनी वृक्कांचा संबंध मेदाशी जोडला होता. सुश्रुतसंहितेनुसार मूत्र सूक्ष्म नाड्यांतून बस्तीत झिरपते. गळ्यापर्यंत पाण्यात बुडवलेला नवा घडा बाजूंनी पाझरून भरावा, तसे. उपमा सुरेख, शरीररचना चुकीची!

परीक्षण मात्र तीक्ष्ण होते. प्रमेही मूत्राकडे मुंग्या धावतात, हे चरकसंहितेत नोंदलेले आहे. योगरत्नाकरात मूत्रावर तेलाचा थेंब सोडून तो पसरतो की बुडतो, यावरून रोगाची साध्यासाध्यता ठरवली आहे. (हे दुसरे आम्हांस तितकेसे पटत नाही.) मूत्र आटवून त्यातील साखर मॅथ्यू डॉब्सनने 1776 मध्ये दाखवली, मूत्रपिंडातील केशवाहिन्यांचा गुच्छ आणि नलिका यांचे नाते विल्यम बोमनने 1842 मध्ये उलगडले. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज त्यानंतर तीनच वर्षांनी सुरू झाले.

मूत्रपिंडे दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात, बाहेर पडतो जेमतेम दीड लिटर. मधुमेहाने ही गाळणी बिघडू लागली की मूत्रात अल्ब्युमिन उतरते. ते मुंग्यांना कळत नाही. त्यासाठी मूत्र तपासावेच लागते.