फळांतले वायू आणि दबा धरलेली बुरशी

अढीत एखादा आंबा डागी निघाला की शेजारची चांगली फळेही वेळेआधीच पिकून मऊ पडू लागतात. डाग पसरला, असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात डागाच्या आधी तेथे वायू पोहोचलेला असतो.

तोडलेले फळही श्वसन करीत असते. गरातील पेशींमधल्या पोकळ्यांत हवा असते, पण ती बाहेरच्यासारखी नसते. बाहेर ऑक्सिजन सुमारे २१ टक्के आणि कार्बन डायऑक्साइड जेमतेम ०.०४ टक्के, फळाच्या आत पहिला कमी, तर दुसरा कित्येक पटींनी अधिक. ही देवाणघेवाण सालीवरील सूक्ष्म रंध्रांतून व देठाच्या खाचेतून चालते. टोमॅटोत तर बहुतांशी देठाच्या जागेतूनच. याच हवेत इथिलीनही असते. सफरचंद हा वायू निर्माण करते, हे इंग्लंडमध्ये आर. गेन यांनी १९३४ मध्ये सिद्ध केले. हवेच्या दहा लाख भागांत त्याचा एक भागही अनेक फळे पिकवण्यास पुरतो.

बुरशीचा शिरकाव झाला की फळाचे श्वसन वाढते, आतला ऑक्सिजन घटतो आणि दुखावलेल्या पेशी इथिलीन सोडू लागतात. कोवळे फळ त्याने पिकत नाही. देठाच्या जोडाशी पेशींचा थर सुटतो आणि ते गळून पडते. लिंबूवर्गीय फळांवरची हिरवी बुरशी तर स्वतःच इथिलीन तयार करते. नासक्या फळावरील बुरशीच्या वायूने निरोगी लिंबांचे श्वसन वाढून त्यांचा हिरवेपणा जातो, हे अमेरिकेत जे. बी. बिआले यांनी १९४० मध्ये नोंदवले होते.

आंब्यावरील करपा याहून धूर्त म्हणावा लागेल. त्याचे बीजाणू कैरी लहान असतानाच सालीला चिकटतात, रुजतात आणि महिनोन्‌महिने निपचित राहतात. कच्च्या सालीतील बुरशीनाशक द्रव्ये त्यांना रोखून धरतात. पिकताना ती द्रव्ये घटतात व काळे डाग उमटतात. मग बुरशीला फळ पिकल्याचे कळते कसे? फ्लाइशमन व कोलाट्टुकुडी यांनी १९९४ मध्ये दाखवून दिले, की करप्याच्या कुळातील बुरशींच्या बीजाणूंना रुजण्यास व फळात घुसणारी पेशी तयार करण्यास इथिलीनच चालना देते. फळाचा स्वतःसाठीचा निरोप शत्रूच्याही कानी पडतो, तो असा!

काढणीनंतर आंबे काही मिनिटे सुमारे ५२ अंश सेल्सिअसच्या पाण्यात बुडवतात, ते सालीतली ही दडलेली बुरशी मारण्यासाठीच. घरच्या पेटीत मात्र डागी फळ दिसताच बाजूला काढावे. त्याचा वास येईपर्यंत थांबू नये.