ओढण्याचें बळ आणि आवरण्याचें बळ

वाहनांचा इतिहास लिहावयाचा म्हटला म्हणजे तो बहुधा वेगाचा आणि शक्तीचा इतिहास होतो. कोणतें इंजिन किती अश्वशक्तीचें, कोणती गाडी ताशीं किती मैल धांवली, हे आंकडे सर्वांच्या तोंडीं असतात. ती गाडी आवरली कशी, हें मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. मोटारीमागें फिरतें घर जोडून देशभर हिंडण्याची जी प्रथा अमेरिकेंत सुमारें शंभर वर्षें चालत आली आहे, तिचा इतिहास पाहतां हा दुसरा प्रश्नच अधिक महत्त्वाचा आहे, असें आम्हांस वाटतें. कारण पुढच्या गाडींत गृहस्थाचीं मुलेंबाळें बसलेलीं असतात.

या प्रथेचे आरंभींचे पुरस्कर्ते निरनिराळ्या क्षेत्रांतून आले होते. विमानविद्येंत कीर्ति मिळविलेले ग्लेन कर्टिस यांनीं 1930 च्या सुमारास ‘एरोकार’ नांवाचें फिरतें घर बाजारांत आणलें. डेट्रॉइटचे जंतुशास्त्रज्ञ आर्थर शर्मन यांनीं ‘कव्हर्ड वॅगन’चा कारखाना काढला. वॉली बायम यांनीं 1931 सालीं ‘एअरस्ट्रीम’ची स्थापना केली आणि 1936 सालीं अॅल्युमिनियमच्या पत्र्याचा ‘क्लिपर’ तयार केला. हीं घरें त्या काळीं कुटुंबाच्या पेट्रोल मोटारीमागें जोडीत असत. पुढें दुसऱ्या महायुद्धानंतर या घरांत स्वयंपाकघर, न्हाणीघर, पाण्याच्या टांक्या असा एकेक पसारा वाढत गेला. उलट 1973 च्या तेलटंचाईनंतर मोटारी लहान व हलक्या होत गेल्या. घर वाढलें आणि ओढणारा रोडावला. तेव्हां हें ओझें पिकअप ट्रकाच्या गळ्यांत पडलें.

डिझेल इंजिन या क्षेत्रांत बऱ्याच उशिरां आलें. रुडॉल्फ डिझेल यांचें इंजिन ऑग्सबर्ग येथें 1897 सालीं यशस्वी ठरलें होतें, आणि मर्सिडिझ-बेंझनें 1936 सालीं डिझेलची प्रवासी मोटारही पुढें आणली होती. परंतु अमेरिकन कंपनीचें डिझेल इंजिन हलक्या पिकअपमध्यें बसलें तें 1978 सालीं. जनरल मोटर्सचें तें 5.7 लिटरचें इंजिन अवघ्या 120 अश्वशक्तीचें होतें. त्याच्या माथ्याचे बोल्ट दगा देऊं लागले आणि डिझेलचें नांव कांहीं काळ बद्दू झालें. तें नांव पुन्हा उजळलें 1989 सालीं. डॉज ट्रकांत बसविलेलें कमिन्सचें 5.9 लिटरचें इंजिन अश्वशक्तींत 160 च होतें, पण त्याचा टॉर्क, म्हणजे चाक फिरविण्याचा पीळ, 400 फूट-पौंड होता. ओझें ओढण्यास वेगापेक्षां हा पीळच उपयोगी पडतो, हें लोकांनीं ओळखलें. मात्र तो ट्रक जड वर्गांतला होता. 2014 च्या ‘रॅम 1500’मध्यें इटालियन बनावटीचें तीन लिटरचें डिझेल 420 फूट-पौंड पीळ घेऊन आलें, 2018 त फोर्डचें आणि 2020 त जनरल मोटर्सचें इंजिन आलें, तें शेवटचें 460 फूट-पौंडांचें. तीस वर्षांपूर्वीं जड ट्रकाला जो मान होता, तो आतां हलक्या ट्रकालाही मिळाला. 2020 च्या रॅमविषयीं 12,560 पौंडांपर्यंत ओढण्याची ग्वाही कंपनीनें दिली.

येथेंच घोटाळ्यास आरंभ होतो. ज्यांनीं बैलगाडी भरलेली पाहिली आहे, त्यांस ‘उलाळ’ हा शब्द ठाऊक असेल. ओझें मागें फार झालें कीं गाडी उलाळ होते, जूं वर उचललें जातें. पुढें फार झालें तर तेंच जूं बैलांच्या मानेवर बसतें. ट्रेलरचा न्याय हाच आहे. त्याच्या एकूण वजनाचा शेंकडा 10 ते 15 भाग जोडावर पडावा लागतो. तो कमी पडला तर ट्रेलर शेपटासारखा डोलूं लागतो, आणि हा डोल वाढला म्हणजे पुढच्या गाडीसही फरफटत नेतो. आतां 9,000 पौंडांचें घर घ्या. शेंकडा 12 धरले तरी 1,080 पौंड ट्रकाच्या पाठीवर आले. ट्रकाची वाहण्याची मर्यादा 1,500 पौंड असेल, तर उरले 420. त्यांत आईबाप, मुलें, सामानसुमान आणि खुद्द जोडाचें लोखंड बसवावयाचें! शिवाय डिझेल इंजिन पेट्रोलच्या इंजिनाहून जड असल्यानें जें ओढण्याचें बळ देतें, तेंच वाहण्याचें बळ थोडें कमी करतें.

ओढण्याचे हे आंकडे पूर्वीं प्रत्येक कंपनी आपल्या मनानें ठरवीत असे. अमेरिकेंतील मोटार-अभियंत्यांच्या संस्थेनें 2008 सालीं ‘जे-2807’ हें समान प्रमाण घालून दिलें, आणि टोयोटानें तें प्रथम उचललें. अॅरिझोनांतील डेव्हिस धरणाजवळचा सुमारें साडेअकरा मैलांचा उन्हानें तापलेला चढ ही त्यांतील कसोटी होय. प्रमाण चांगलें आहे. पण त्या परीक्षेंत ट्रकांत दीडदीडशें पौंडांचीं दोनच माणसें धरलेलीं असतात. गृहस्थाचा संसार धरलेला नसतो.

आणि चढाइतकाच उतार खरा. पेट्रोलच्या इंजिनांत हवेची वाट अडविणारी झडप असते, म्हणून पाय उचलतांच तें गाडीस मागें खेंचतें. डिझेलमध्यें ही अडवणूक स्वभावतः नसते; म्हणून धूर बाहेर जाण्याची वाट अडवून तेंच काम करून घेण्याची युक्ति काढावी लागली. ट्रेलरच्या स्वतःच्या चाकांना विजेचे ब्रेक, जोडावरील भार पुढच्या चाकांपर्यंत वांटून देणारे स्प्रिंगचे दांडे, डोल रोखणारी साधनें, हीं सर्व त्याच वंशांतलीं. त्यांच्या कर्त्यांचीं नांवें जाहिरातींत झळकत नाहींत. तथापि हजारों कुटुंबें घाट उतरून सुखरूप घरीं पोंचलीं, त्याचें श्रेय इंजिनाच्या बरोबरीनें त्यांसही दिलें पाहिजे.

म्हणून ट्रक घेऊं पाहणाऱ्यानें जाहिरातींतील मोठ्या आंकड्याआधीं दाराच्या चौकटीवरील लहान अक्षरांतली चिठ्ठी वाचावी. त्या ट्रकानें माणसें व सामान मिळून किती भार वाहावा, हें तेथें लिहिलेलें असतें. शक्तीचा आंकडा ट्रक विकण्यासाठीं असतो. मर्यादेचा आंकडा आपल्या माणसांसाठीं असतो.