तसबिरीमागची गोष्ट

गेल्या वर्षी प्रतिष्ठापनेच्या दिवशी मंडपात लोकमान्यांच्या तसबिरीला हार घालत होतो. कार्यालयातले एक बंगाली सहकारी प्रसादाला आले होते. त्यांनी विचारले, "दादा, उत्सव यांनी सुरू केला हे ठाऊक आहे. पण हे तुरुंगात कशासाठी गेले होते?" मी पटकन म्हणालो, "देशासाठी." त्यांनी मान डोलावली, पण माझे मलाच ते उत्तर अपुरे वाटले. देशासाठी म्हणजे नेमके काय केले म्हणून? घरी येऊन पुस्तके काढली. जे सापडले त्यात आपल्या या कलकत्त्याचाही मोठा वाटा निघाला, म्हणून स्मरणिकेसाठी हा लेखनप्रपंच.

१८९७ साली पुण्यात प्लेगची साथ होती. प्लेग कमिटीचे अध्यक्ष रँड यांच्या हाताखालच्या गोऱ्या सोल्जरांनी घरतपासणीच्या नावाखाली लोकांना सळो की पळो करून सोडले होते. टिळक 'केसरी'तून त्यावर सडकून टीका करीत होते. त्याच जूनमध्ये पुण्यात शिवाजी उत्सव झाला. त्याचा वृत्तान्त आणि शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली एक कविता १५ जूनच्या 'केसरी'त छापून आली. २२ जूनच्या रात्री रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. खुनाचा आरोप टिळकांवर कधीच ठेवला गेला नाही. त्यांना २७ जुलैला मुंबईत पकडले ते छापलेल्या मजकुरासाठी. कलम होते १२४ अ, म्हणजे राजद्रोह.

टिळकांवर निदान खटला तरी झाला. पुण्याच्या नातू बंधूंच्या वाट्याला तेवढेही आले नाही. १८२७ च्या एका जुन्या रेग्युलेशनखाली सरकारने त्यांना उचलून स्थानबद्ध केले. ना आरोपपत्र, ना साक्षीपुरावा. १८९९ मध्ये सुटका होईपर्यंत आपला गुन्हा कोणता, हे न्यायालयात विचारण्याची सोयच त्यांना नव्हती.

आता कलकत्त्याचा वाटा. टिळकांच्या बचावासाठी इथे वर्गणी गोळा झाली आणि त्या कामात रवींद्रनाथ ठाकुरांनी पुढाकार घेतला. प्यू आणि गार्थ हे दोन इंग्रज बॅरिस्टर इथून मुंबईला गेले. एक गोष्ट ध्यानात घ्या. वर्गणी देणाऱ्यांपैकी किती जणांना 'केसरी' वाचता येत होता? मराठी येणारे विरळाच असणार. टिळकांचे प्रत्येक मत त्यांना पटत होते असेही नाही. तरी त्यांनी खिशात हात घातला, कारण आज पुण्याच्या संपादकाचे तोंड बंद झाले तर उद्या कलकत्त्याची पाळी आहे, हे त्यांनी ओळखले होते.

खटला न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यासमोर चालला. कायद्यात सरकारविषयी 'अप्रीती' उत्पन्न करणे हा गुन्हा होता. अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव, असा अर्थ न्यायमूर्तींनी ज्यूरीला सांगितला. म्हणजे सरकारवर प्रेम नसणे आणि ते बोलून दाखवणे एवढेही पुरेसे! ज्यूरीतल्या सहा युरोपियनांनी दोषी म्हटले, तिघा हिंदी सभासदांनी निर्दोष. शिक्षा अठरा महिने सक्तमजुरीची झाली. मॅक्सम्युलरसारख्या विद्वानांनी सरकारकडे अर्ज केल्यावर १८९८ च्या सप्टेंबरात टिळक सुटले. पण त्याच वर्षी सरकारने कलमाची व्याख्या अधिक विस्तृत करून घेतली. ते विधेयक मंजूर होण्याच्या सुमारास रवींद्रनाथांनी कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये 'कंठरोध' हा निबंध वाचला. नावातच सारे आले.

दुसरा खटला १९०८ चा. मुजफ्फरपूरला बॉम्ब फुटला, दोन निरपराध स्त्रिया मेल्या. टिळकांनी त्या कृत्याचे समर्थन केले नाही. मात्र लोकांना अशा थराला नेण्याची जबाबदारी सरकारच्या दडपशाहीवर आहे आणि आणखी दडपशाही हा त्यावरचा उपाय नव्हे, असे लिहिले. त्याबद्दल २४ जूनला पुन्हा अटक झाली. आता योगायोग पाहा. १८९७ साली टिळकांसाठी जामीन मागणारे वकील होते दिनशा दावर, आणि तो देणारे न्यायमूर्ती होते बद्रुद्दीन तय्यबजी. अकरा वर्षांनी दावर स्वतः न्यायासनावर होते. या वेळी जामीन मागायला उभे राहिले बॅरिस्टर जिना, आणि दावरांनी जामीन नाकारला.

परप्रांतात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना या खटल्यातली भाषेची गोष्ट चटकन कळेल. लेख मराठीत होते आणि ज्यूरीत सात युरोपियन व दोन पारशी. न्यायालयापुढे होते ते सरकारी भाषांतर. टिळकांनी सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी घेतली आणि मूळ शब्दाची छटा इंग्रजीत कशी बदलते, ते दाखवून दिले. आपण इथे बंगालीत किंवा हिंदीत एखादी मराठी म्हण सांगू जातो तेव्हा तिचे काय होते, हे आपल्याला ठाऊक आहे. तिथे तर तशा भाषांतरावर एका माणसाची सहा वर्षे ठरायची होती. टिळकांनी स्वतःच सुमारे एकवीस तास बचावाचे भाषण केले. २२ जुलैच्या रात्री सात विरुद्ध दोन असा कौल आला आणि शिक्षा झाली सहा वर्षे काळ्या पाण्याची व हजार रुपये दंडाची. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या. टिळकांना मंडालेला नेले. १९१४ साली ते परतले ते 'गीतारहस्या'चे हस्तलिखित मागे ठेवून. ते सरकारने नंतर परत केले.

त्याच १९०८ च्या डिसेंबरात बंगालची पाळी आली. अश्विनीकुमार दत्त, कृष्णकुमार मित्र अशा नऊ नेत्यांना १८१८ च्या रेग्युलेशनखाली खटल्याशिवाय दूरच्या तुरुंगांत धाडले. नातू बंधूंची कहाणी इथे पुन्हा घडली. इथल्याच एका मराठी माणसालाही झळ बसली. सखाराम गणेश देऊस्कर देवघरकडचे, बंगालीत लिहिणारे. त्यांनी कलकत्त्यात शिवाजी उत्सव रुजवला आणि 'देशेर कथा' हे पुस्तक १९०४ साली लिहिले. देशाचे आर्थिक शोषण कसे होते, याचा तो आकडेवारीनिशी मांडलेला हिशेब होता. १९१० साली सरकारने त्यावर बंदी घातली. आपल्यापैकी किती जणांना देऊस्कर ठाऊक आहेत? मलाही हा लेख लिहिण्याआधी फारसे नव्हते.

इंग्रज गेले तरी कलम १२४ अ गेले नाही. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने केदारनाथ सिंह खटल्यात ते वैध ठरवले, पण हिंसेला वा अव्यवस्थेला चिथावणी असेल तरच लागू, अशी मर्यादा घातली. तरी ते वापरात राहिलेच. मे २०२२ मध्ये न्यायालयाने त्याचा अंमल थांबवायला सांगितले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. 'राजद्रोह' हा शब्द गेला, पण देशाचे सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता यांना बाधा आणणाऱ्या कृत्यांचे कलम १५२ आले. त्याची व्याप्ती किती, यावर वाद चालू आहे. आणि खटल्याशिवायच्या कैदेसाठी परके सरकारच लागते असे नाही, हे आणीबाणीने दाखवले. १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून लेखनस्वातंत्र्याची बाजू घेणाऱ्या दुर्गाबाई भागवतांना १९७६ साली तुरुंगात जावे लागले.

मुंबई उच्च न्यायालयात १९५६ साली मुख्य न्यायाधीश छागला यांच्या हस्ते एक शिलालेख बसवला गेला. ज्या न्यायालयाने टिळकांना शिक्षा दिली, तिथेच त्यांचे शब्द दगडात कोरले आहेत. न्याय झाला म्हणायचे, पण तोवर टिळकांना जाऊन छत्तीस वर्षे झाली होती.

यंदा ते बंगाली सहकारी पुन्हा येणार आहेत. या वेळी सांगेन, "लिहिले म्हणून गेले. आणि त्यांना सोडवायला तुमच्या आजोबा-पणजोबांच्या गावाने, 'केसरी'चे एक अक्षर वाचता येत नसताना, पैसे पाठवले होते." आपल्याला न पटणारे कोणी शांतपणे बोलले किंवा लिहिले म्हणून गजाआड गेले, तर आपण काय करू? तसबिरीला हार घालताना हा प्रश्न स्वतःला विचारायला हरकत नाही. वर्गणीची पावती फाडण्यात आपण मंडळी तशीही पटाईत आहोतच.

गणपती बाप्पा मोरया!