उंदराला माघारी फिरवणारी चकती

आश्विनात कोकणातली भातं कापली जातात आणि बांधांत बिळं करून राहिलेल्या उंदरांच्या डोक्यावरचा आडोसा बघता बघता नाहीसा होतो. कालपर्यंत लोंब्या तोंडाशी होत्या, आज नुसती धसकटं आणि वर टपून बसलेलं घुबड. तेच भात झोडून, वाळवून घरात येतं. बाहेरचं संपलं, आतलं भरलं. मग उंदीरही धान्याच्याच वाटेने पडवीत येतो. थंड देशांत याला गारठ्याची जोड मिळते, म्हणून तिथेही सप्टेंबर-ऑक्टोबर हेच उंदरांनी घरात शिरण्याचे महिने. माणूस धान्य साठवायला लागला तेव्हापासून दर शरदात ही गाठ पडत आली आहे.

मांजर, पिंजरा, विष ही उंदीर धरण्याची नाहीतर मारण्याची साधनं. त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिलं जातं. मला ज्याचं मोल फार वाटतं ते साधन कोणालाच मारत नाही. खांबाच्या वरच्या टोकाशी बसवलेली एक आडवी चकती, दगडाची, लाकडाची किंवा पत्र्याची, एवढंच ते साधन.

उंदीर खडबडीत खांब सरळ चढून जातो. नखांना धरायला खाच मिळाली की उंचीचं त्याला काही वाटत नाही. पण चढता चढता डोक्यावर गुळगुळीत, बाहेर आलेलं छत लागलं, तर पुढे जाण्यासाठी त्याला उलटं लटकून काठापर्यंत यावं लागतं आणि काठ धरून अंग वर ओढावं लागतं. तिथे नखं रुतत नाहीत, शेपटीचा तोलही कामी येत नाही. तो थोडा वेळ हुंगतो आणि आल्या वाटेने खाली उतरतो. चकती जमिनीपासून जवळजवळ एका मीटरवर असली, की उडी मारूनही तिथे पोचता येत नाही. उंदराच्या अंगाचीच ही मर्यादा असल्यामुळे, एकमेकांचं नावही न ऐकलेल्या माणसांनी ठिकठिकाणी तीच चकती घडवली. त्यामुळे हिच्या वंशावळीला एक मूळपुरुष नाही.

धान्याची कोठी खांबांवर उचलण्याची कल्पना चकतीपेक्षा जुनी असावी, आणि तिचं कारणही वेगळं होतं. इसवी सनापूर्वी ३७ च्या सुमारास रोमन लेखक व्हारो याने शेतीवर ग्रंथ लिहिला. त्यात स्पेनच्या आणि इटलीतल्या आपुलियाच्या काही भागांत धान्यकोठ्या जमिनीपासून वर बांधतात, असं तो सांगतो. कारण देतो ते वाऱ्याचं: बाजूंच्या खिडक्यांतून आणि खालूनही हवा खेळावी म्हणून. त्याच ठिकाणी तो जमिनीत खड्डे खणून धान्य पुरणाऱ्या लोकांचीही नोंद करतो. वर उचला किंवा खाली पुरा, हे दोन्ही मार्ग त्याला माहीत होते.

आपल्या देशावर दुसरा मार्ग रुजला. कोरड्या, घट्ट जमिनीत पेव खणायचं, आतून गवताचं अस्तर द्यायचं, धान्य भरून तोंड मातीने लिंपून बंद करायचं. आत हवाच नाही, मग किडा जगत नाही आणि उंदराला वासही लागत नाही. सांगलीजवळ कृष्णाकाठच्या हरिपूरमध्ये अशा पेवांत हळद साठवत. २००५ च्या महापुरात त्यातली पुष्कळ पेवं पाण्याखाली गेली. वाड्यांमध्ये भिंतीच्या पोटातलं बळद आणि शेणामातीने सारवलेली बांबूची कणगी होती. विदर्भात धान्याची ढोली होती. कणगीचं सारवण म्हणजे नुसती स्वच्छता नव्हे. फट बुजवण्याचं ते काम आहे, कारण सहा मिलिमीटरची फट उंदराच्या पिल्लाला पुरते. दसऱ्याआधी घर सारवून काढण्याच्या चालीत हेही होतं, असं मला वाटतं.

जिथे जमीन ओली, पाऊस मोठा आणि पेव शक्य नाही, तिथे चकती जन्माला आली. जपानमध्ये शिझुओकाजवळ तोरो इथे १९४३ मध्ये एका कारखान्यासाठी खोदकाम चालू असताना भातशेती करणाऱ्या वस्तीचे अवशेष सापडले. युद्ध संपल्यावर नीट उत्खनन झालं. ही वस्ती साधारण पहिल्या-दुसऱ्या शतकातली. चिखलात लाकूड टिकलं होतं, आणि त्यात खांबांवर उभ्या केलेल्या भाताच्या कोठ्यांचे भाग होते. खांबाच्या माथ्यावर बसवायच्या रुंद फळ्याही मिळाल्या, मधोमध भोक पाडलेल्या. त्या ठिकाणी आज पुन्हा बांधलेली कोठी पाहायला मिळते.

फिलिपिन्सच्या उत्तरेला डोंगरउतारावर भाताची खाचरं कोरणाऱ्या इफुगाओ लोकांनी कोठीबरोबर राहतं घरही असंच उचललं. चार खांब, प्रत्येकावर लाकडाची जाड गोल चकती, वर घर. शिडी रात्री आत ओढून घ्यायची. पॅसिफिकमधल्या टोंगा, समोआ, फिजी या बेटांवर तीच चकती दोरीवर चढली. छताला टांगलेल्या दोरीच्या खालच्या टोकाला अन्न अडकवायचा आकडा आणि वरती लाकडाची रुंद तबकडी. आपल्या शिंक्याचंच हे रूप. आपल्याकडे आढ्यावरून दोरीने उतरून येणारा उंदीर शिंक्यातल्या लोण्यापर्यंत सहज पोचतो. त्या बेटांवर त्याला मध्येच ही तबकडी आडवी येते.

मात्र चकतीचा खरा संसार पाहायचा तर स्पेनच्या उत्तर किनाऱ्याला, गालिसिया आणि अस्तुरियासमध्ये जावं. पाऊस तिथे आपल्या कोकणाची आठवण करून देणारा. तिथली ‘ओरेओ’ नावाची कोठी तेराव्या शतकातल्या हस्तलिखितातल्या चित्रात दिसते. मग सतराव्या शतकात अमेरिकेतून आलेला मका तिथल्या शेतात रुजला. मका पिकतो शरदात, आणि कणसं ओलसर हवेत वाळवायची तर वारा हवाच. गावोगाव ओरेओ उभे राहिले ते या मक्यामुळे. कार्नोता गावातला ओरेओ सुमारे ३५ मीटर लांब आहे. अठराव्या शतकात तो बांधला आणि मग वाढवला. सगळा भार दगडी पायांवर, आणि प्रत्येक पायाच्या डोक्यावर सपाट दगड.

या कोठ्यांमधली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे पायऱ्या. पुष्कळ ठिकाणी दगडी जिना कोठीला टेकलेलाच नाही. तो दारासमोर, थोडं अंतर सोडून, एकटा उभा असतो. माणूस शेवटच्या पायरीवरून लांब ढांग टाकून उंबऱ्यावर जातो. उंदराला ते अंतर ओलांडता येत नाही. चकत्या कितीही नेमक्या बसवल्या आणि एक शिडी रात्रभर टेकवून ठेवली, तर सगळं व्यर्थ. हे ज्या गवंड्याला पहिल्यांदा सुचलं असेल त्याने उंदराचं निरीक्षण फार बारकाईने केलं होतं.

स्वित्झर्लंडच्या वालिस प्रांतात लाकडी कोठ्यांच्या ठेंगण्या पायांवर पातळ दगडी ताटल्या आहेत. इंग्लंडमध्ये शेतकरी छत्रीच्या आकाराचे दगड वापरत. त्यांवर कोठी बसवत, नाहीतर लाकडी चौकट टाकून कापणीच्या गव्हाची गंजी रचत. मळणी हिवाळाभर चाले, तेवढे दिवस गंजी जपायची असे. पत्र्याची गोदामं आणि मळणीयंत्रं आल्यावर त्या दगडांचं काम संपलं. आज ते बागांच्या कडेला शोभेसाठी मांडलेले दिसतात.

मुंबईत उंदरांचा प्रश्न १८९६ च्या सप्टेंबरात वेगळ्याच रूपात समोर आला. मांडवीत, बंदराला लागून असलेल्या गोदामांच्या वस्तीत, डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. पुढची सगळी धडपड माणसांभोवती झाली: घरं धुणं, सामान जाळणं, रोग्यांना उचलून नेणं. गावातल्या लोकांना मात्र अनुभवाने कळलं होतं की घरात उंदीर मरून पडू लागले की बिऱ्हाड हलवायचं. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमोंद या फ्रेंच डॉक्टरने कराचीत उंदीर आणि माणूस यांच्यातला पिसवेचा दुवा दाखवला, पण त्याचं फारसं कोणी ऐकलं नाही. १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत प्लेगची चौकशी करणाऱ्या आयोगाने तो पक्का केला. त्यांच्या एका प्रयोगात प्लेगच्या पिसवा असलेल्या जागेत गिनीपिगांचे पिंजरे वेगवेगळ्या उंचीवर ठेवले होते. जमिनीपासून दोन इंचांवरच्या प्राण्यांना प्लेग झाला, दोन फुटांवर टांगलेल्यांना झाला नाही. पिसवेची उडी तेवढी जात नाही. जमिनीपासून उचललेलं सुरक्षित राहतं, हे जगभरच्या शेतकऱ्यांचं जुनं ज्ञान परळमध्ये असं मोजून सिद्ध झालं, याचा मला फार आनंद वाटतो.

रोग जहाजांतून फिरतो हे कळल्यावर चकती बंदरावर आली. १९०३ च्या पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय करारात जहाजांवरचे उंदीर मारण्याची तरतूद झाली. पुढे जहाज उंदीरमुक्त असल्याचा दाखला बाळगणं सक्तीचं झालं, आणि एकविसाव्या शतकात त्याची जागा जहाजाच्या एकूण आरोग्याच्या दाखल्याने घेतली. धक्क्याला लागलेल्या जहाजाच्या दोरखंडांवर पत्र्याच्या मोठ्या गोल चकत्या अडकवलेल्या दिसतात त्या याच साखळीतल्या. दोर आडवा म्हणून चकती उभी, एवढाच फरक. ती सैल लटकली किंवा दोराभोवती फट राहिली तर उंदीर जातोच.

शहरी इमारतींत हाच उपाय भिंतीवरून जाणाऱ्या नळांना लागू पडतो: नळाभोवती घट्ट बसणारी पत्र्याची चकती, भिंतीला लागून, उडीच्या पलीकडे. आपल्याकडे तो फार थोड्या ठिकाणी दिसतो. विषाच्या वड्या मात्र दर पावसाळ्यानंतर खपतात, आणि मेलेला उंदीर छताच्या आत सडतो.

कोकणात आणि गोव्यात चकतीची धाकटी बहीण अजून कामावर आहे. काळा उंदीर माडाच्या शेंड्यात घर करतो आणि कोवळी फळं देठाजवळ पोखरतो. म्हणून खोडाला, माणसाच्या डोक्याच्या वर, हात-दीड हात रुंदीचा पत्रा गुंडाळून खिळे मारतात. इथे पुढे आलेला काठ नाही, नुसता गुळगुळीतपणा आहे, आणि तो पुरतो. अट एकच: झावळ्या एकमेकींना लागता कामा नयेत. शेजारच्या वाडीतल्या एका बिनपत्र्याच्या माडावरून चढलेला उंदीर झावळ्यांवरून चालत सगळ्या माडांवर फिरतो, त्यामुळे पत्रे मारायचे तर कुंपणाच्या दोन्ही बाजूंच्या घरांनी मिळून, एकाच मोसमात मारावे लागतात.